पेवापासून शिधापत्रिकेपर्यंत : मराठवाड्यातील शहरी वृद्धांच्या अन्नाची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, परभणी या शहरांच्या कडेच्या वस्त्यांमध्ये ज्या वृद्धांना आज दोन वेळचे जेवण पुरत नाही, त्यांपैकी अनेकांचे तरुणपण धान्य पिकवण्यात गेलेले आहे. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी १९७२ च्या दुष्काळापर्यंत मागे जावे लागते.

त्यापूर्वी गावातल्या म्हाताऱ्या माणसाचे पोट रोख पैशावर फारसे अवलंबून नसे. शेत असलेल्यांची ज्वारी पेवात (धान्य साठवण्याच्या जमिनीखालच्या खड्ड्यात) किंवा कणगीत असे आणि शेत नसलेल्यांना खळ्यावर बलुत्याचे (गावकीच्या कामाच्या मोबदल्याचे) अथवा सालाचे (वर्षभराच्या चाकरीचे) धान्य मिळे. तो काळ सुखाचा होता असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल, कारण जातीमुळे ज्यांच्या वाट्याला उरलेसुरलेच येत होते त्यांच्यासाठी ती व्यवस्था अपमानाचीही होती. तरीही घरात धान्य आले म्हणजे त्यात म्हातारीचा वाटा धरलेला असे. १९७२ मध्ये पेवे रिकामी झाली, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली आणि सुकडी या पूरक आहारावर व परदेशातून आलेल्या मिलो या लाल ज्वारीवर जगली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. पण गावाबाहेर पडलेली पुढची पिढी चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींकडे वळली, आणि काही वर्षांनी आईवडीलही तिच्यामागे शहरात आले. त्या दुष्काळात विशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत.

शहरात धान्याचा हक्क कागदावरून ठरतो. १९९७ मध्ये रेशनव्यवस्था सरसकट न राहता गरिबांपुरती सवलतीची झाली आणि १९९९ मध्ये राज्यात उत्पन्नानुसार पिवळ्या, केशरी व पांढऱ्या शिधापत्रिका आल्या. निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळणाऱ्या ६५ वर्षांवरील वृद्धांना दरमहा १० किलो धान्य मोफत देणारी अन्नपूर्णा योजना २००० साली सुरू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अशा योजनांना हक्काचे स्वरूप दिले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र शहरी गरीब मागे राहिला : महाराष्ट्रात ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के लोकसंख्येला त्याचे संरक्षण मिळाले, तर शहरी भागात ४५.३४ टक्क्यांना, आणि तेही २०११ च्या जनगणनेच्या आधाराने. या कायद्याने धान्य मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंबा’साठी शहरातील वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरली. ही रक्कम महिन्याला पाच हजारांहूनही कमी भरते. मुलगा आणि सून दोघेही मजुरीला जात असतील, तर ती सहज ओलांडली जाते. वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेची मर्यादा तर वर्षाला २१,००० रुपये आहे, आणि तिचे अनुदान २०२३ मध्ये वाढून दरमहा १,५०० रुपये झाले.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसह १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळू लागले होते; २०२३ मध्ये त्याऐवजी रोख रक्कम देण्याचे ठरले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे शेत कसले आणि म्हातारपणी शहर गाठले, त्याच्या नावावर सातबारा नसल्याने ही योजना त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. अनेकांचे नाव गावी राहणाऱ्या थोरल्या मुलाच्या शिधापत्रिकेवर असते आणि राहणे शहरातल्या धाकट्याकडे असते. देशात कोठेही धान्य उचलण्याची सोय आता आहे. पण तो वाटा गावी आधीच उचललेला असेल, तर त्या सोयीचा उपयोग होत नाही. रेशन घेताना द्याव्या लागणाऱ्या अंगठ्याच्या ठशाची अडचणही याच इतिहासातून येते, कारण खडी फोडून आणि कोयता धरून झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला नीट उमटत नाहीत.

मिळालेले धान्यही मुख्यतः गहू आणि तांदूळ असते. दात गेलेल्या माणसाला ज्वारीच्या कण्या किंवा कोरड्यासात (पातळ कालवणात) कुस्करलेली भाकर चालते, पण ती ज्वारी, डाळ आणि माळवे बाजारातून आणावे लागते. शिजवलेल्या अन्नाचे प्रयत्नही झाले : १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आली आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. गुडघे धरलेल्या माणसाला मात्र केंद्रापर्यंतचे रिक्षाभाडे थाळीपेक्षा महाग पडते. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातील लंगर कोणाकडेही कागद मागत नाही. या सगळ्या प्रवासात मला ती गोष्ट फार मोलाची वाटते.

मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागण्याचा मार्ग २००७ च्या कायद्याने दिला आहे. त्यासाठी आईला मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो, आणि ज्या घरात मुलगाच अर्धपोटी कामावर जातो तेथे ती अर्ज न करता नातवंडांच्या ताटात भाकर सरकवून ‘मला भूक नाही’ असे म्हणते.