घरभर लाईट, अंगणात जनरेटर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि मुरूड-श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले. आमच्या दापोली तालुक्यातल्या घरी लाईट यायला तीन आठवडे लागले. दोन-तीन दिवसांत अंधाराची सवय झाली, पण पाण्याचं काय? विहिरीत पाणी होतं, पंप मुका होता आणि रहाट आम्ही गच्चीवर टाकी बसवली त्याच वर्षी मोडीत काढलेला. पाचव्या दिवशी काका कुठूनसा एक जनरेटर भाड्याने घेऊन आले. दोन माणसांनी उचलून न्यावा एवढा, पेट्रोलवरचा, अंगावर '२ केव्हीए' असं लिहिलेला.

तिसऱ्या झटक्याला दोरी लागू पडली. बल्ब लागले, पंखा फिरला. पोरांनी ओरडून वाडी गोळा केली. मग काकांनी पंपाचा खटका दाबला. जनरेटरचा आवाज एकदम खाली बसला, बल्ब लुकलुकले, आणि पंप नुसता हूं करत राहिला. फिरेना. काकांनी घाईने खटका वर केला आणि तेव्हा मनात आलेला हिशोब बोलून दाखवला: जनरेटर दोन केव्हीएचा म्हणजे ढोबळमानाने दोन हजार वॉटचा, पंप एक एचपीचा म्हणजे साडेसातशे वॉटचा. मग अडलं कुठे?

एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, हे खरं. पण ती पंपाच्या दांड्यावर मिळणारी ताकद. मोटर काही वीज स्वतःच उष्णतेत घालवते, त्यामुळे तारेतून ती हजार-अकराशे वॉट ओढते. तरीही दोन हजारांत ते बसायला हवं. बसत नाही ते पहिल्या सेकंदामुळे. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःही थोडी जनित्रच असते. तिच्या गुंडाळीत उलटा दाब, म्हणजे उलट दिशेचं व्होल्टेज, तयार होतो आणि तो बाहेरून येणाऱ्या करंटला आवर घालतो. खटका दाबतो त्या क्षणी मात्र मोटर उभी असते. उलटा दाब नाही, आवर नाही. तेवढ्यापुरता करंट नेहमीच्या पाच-सहा पट चढतो. आमचा पंप चालताना साधारण ६ अँपिअर घेतो, म्हणजे सुटताना ३० च्या पुढे. २ केव्हीएचा जनरेटर २३० व्होल्टला देऊन देऊन देणार ८.७ अँपिअर.

महावितरणच्या लाईनवर हे आपल्याला जाणवतही नाही, कारण मागे अख्खं ग्रिड उभं असतं. जनरेटरमागे एका सिलिंडरचं इंजिन असतं. एवढा करंट मागितला की त्याचं व्होल्टेज कोसळतं, आणि मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं तर ताकद निम्म्यावर. म्हणून तो हूं. पंपाला सुटायचं असतं, जोर पुरत नाही, आणि न फिरणाऱ्या गुंडाळीतून करंट वाहतच राहतो. असा मिनिटभर ठेवला असता तर पंप जळाला असता. दुसऱ्या दिवशी शेजारचा अर्ध्या एचपीचा पंप आणला, घरातलं बाकी सगळं बंद केलं, आणि तो कुरकुरत का होईना सुटला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पंप आधी, बाकी सगळं मागून.

जनरेटरचा आवाज का बसतो, हे एकदा कळलं की यंत्राकडे पाहायची नजरच बदलते. फिरत्या चुंबकामुळे तारेत वीज उपजते, हे मायकल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. त्याची दुसरी बाजू अशी की तारेतून करंट वाहू लागला की तो चुंबकाच्या फिरण्यालाच विरोध करतो. रिकामा जनरेटर म्हणून हलका फिरतो. तुम्ही पंखा लावलात, मिक्सर लावलात की इंजिनाला खरोखर जड जातं, चढावर सायकल जड जावी तसं. साध्या छोट्या जनरेटरला मिनिटाला ३,००० फेरेच घ्यावे लागतात. सेकंदाला ५० फेरे म्हणजे आपल्या लाईनसारखे ५० हर्ट्झ. वेग पडला की इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर पेट्रोल वाढवतो आणि वेग परत आणतो, पण त्याला अर्धाएक सेकंद लागतो. फ्रिज चालू होताना जनरेटर क्षणभर धापा टाकतो, ती हीच गंमत.

जाता जाता आणखी एक. अशा जनरेटरमधलं चुंबक विजेनेच तयार होतं. चुंबकासाठी वीज लागते आणि विजेसाठी चुंबक, मग पहिली ठिणगी कुठून? लोखंडात मागच्या वेळचं थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं, त्यावर सगळं सुरू होतं. वर्ष-दोन वर्षं न चालवता कोपऱ्यात ठेवलेला जनरेटर कधी कधी झकास चालतो पण करंट देत नाही, त्यामागे बऱ्याचदा हे चुंबकत्व विझलेलं असतं. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं ते वेगळंच.

तर 'सगळं घर जनरेटरवर' याचा अर्थ सगळं एकाच वेळी, असा कधीच नसतो. आमच्या घरचा हिशोब सांगतो. ९ वॉटचे आठ एलईडी बल्ब ७२ वॉट. साधे पंखे ७५ वॉटचे चार, म्हणजे ३००. टीव्ही शंभराच्या आत. फ्रिज चालताना दीडशे, सुटताना कितीतरी जास्त. एवढं सगळं २ केव्हीएमध्ये आरामात बसतं. मिक्सर चटणीपुरता चालतो, पण तेव्हा पंप नको. गीझर २,००० वॉटचा आणि इंडक्शनची शेगडीही तशीच, त्यांचं नावच काढायचं नाही; पाणी चुलीवर तापतं. आणि पाटीवरचे २ केव्हीए हा बहुतेक वेळा जास्तीत जास्तचा आकडा असतो. सलग चालवायचा आकडा त्याहून कमी असतो, तो माहितीपुस्तिकेत शोधावा लागतो.

यंत्राचं झालं. पण मला खरं सांगायचंय ते वायरबद्दल.

काकांच्या पिशवीत जनरेटरबरोबर एक वायर आली होती. दोन्ही टोकांना थ्रीपिन टॉप. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या पॉवर प्लगमध्ये, की घरभर लाईट. ही युक्ती गावोगाव ठाऊक आहे आणि ती चालते, हाच तिचा धोका. संध्याकाळी आमचा वायरमन चहाला टेकला होता, त्याने ती वायर पाहिली. काही बोलला नाही. पक्कड काढली आणि एक टॉप कापून टाकला. मग म्हणाला, "काका, परवा तुमच्या डीपीवर मीच चढणार आहे."

त्याचं म्हणणं असं. घरातलं वायरिंग मीटरमार्गे खांबावरच्या तारेला जोडलेलं असतं. प्लगमधून आत घातलेली वीज घरात थांबत नाही, मेन स्विच चालू राहिला तर उलट्या वाटेने खांबावर जाते. तिथून डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे उतरवून आपल्याला देतो, पण त्याला वर-खाली कळत नाही. खालून २३० घातले तर तो वरच्या बाजूला हजारो व्होल्ट चढवतो. लाईन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात ती वीज येते. काम सुरू करण्याआधी तारा अर्थ करून, म्हणजे जमिनीला जोडून, घ्यायची शिस्त आहे ती यासाठीही. डीपीपर्यंत न पोहोचताही तुमच्या दारातल्या तारेवरचे २३० जीव घ्यायला पुरेसे आहेत.

यावर काकांचा मुद्दा होता की एवढासा जनरेटर अख्ख्या वाडीचा लोड कसा उचलेल, तो बंदच पडेल. एरवी बंद पडेलही. पण वादळात तारा तुटलेल्या असतात. तुमच्या घराच्या पुढे दोन खांबांवर तार तुटलेली असेल तर लोड उरतोच कुठे? ज्या दिवशी जनरेटर लागतो, नेमकी त्याच दिवशी ती तार जिवंत राहायची शक्यता सगळ्यात जास्त. शिवाय ते दुहेरी टॉप प्लगमधून निसटलं तर उघड्या पितळी पिनांत करंट असतो, आणि घरात रांगतं मूल असतं. मेन स्विच पाडायचा विसरलात आणि तेवढ्यात लाईट आली, तर ग्रिड आणि जनरेटर समोरासमोर भिडतात. त्यात जनरेटर हरतो, कधी पेटतोही.

'मी आठवणीने मेन बंद करतो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. रात्री अकरा वाजता, भर पावसात, टॉर्च तोंडात धरून केलेल्या कामात आठवणीवर विसंबू नये. मीटर आणि घराचं वायरिंग यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याचा दांडा एका बाजूला लाईन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये शून्य. दोन्ही एकदम जोडणं त्यात शक्यच नसतं, लोखंडच अडवतं. मात्र तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. बसवायचा परवानाधारक वायरमननेच, आणि त्याच्याकडून जनरेटरच्या अर्थिंगचंही पाहून घ्यायचं. बऱ्याच छोट्या जनरेटरचं न्यूट्रल कशालाच जोडलेलं नसतं. अशा वेळी शॉकपासून वाचवणारा घरातला आरसीसीबी गळती होऊनही गप्प बसू शकतो.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. कोकणात जूनमध्ये जनरेटर अंगणात ठेवला की तासाभरात पाऊस येतो, आणि कुणीतरी म्हणतं, पडवीत घ्या. घेऊ नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हवेपेक्षा तो किंचितच हलका, त्यामुळे ना छताला जातो ना जमिनीला बसतो, खोलीभर मिसळतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं दगदगीने आलं असेल. अमेरिकेत लुइझियानात ऑगस्ट २०२० मध्ये लॉरा चक्रीवादळ आलं, तेव्हा पहिल्या काही दिवसांत नोंदलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त जनरेटरच्या धुराचे होते. वाऱ्यातून वाचलेली माणसं झोपेत गेली. घरापासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड खिडक्या-दारांकडे नाही, आणि पावसासाठी वर चारी बाजूंनी मोकळा पत्रा. आम्ही चार बांबूंवर घातला.

आता खर्च. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटएवढी ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातून दीड-दोन युनिट वीज काढतं, बाकी सगळी उष्णता आणि आवाज. पेट्रोल शंभराच्या घरात धरलं तर युनिट पन्नास-पासष्ट रुपयांना पडतं. आणि एका बल्बसाठी चालवलात तर त्याहून किती तरी महाग, कारण साध्या जनरेटरला रिकामं असतानाही ३,००० फेरे घ्यावेच लागतात. नव्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये वीज आधी डीसी करून मग घडवली जाते, त्यामुळे लोड कमी असेल तर इंजिन हळू चालतं. पेट्रोल वाचतं, कान वाचतात, पण किंमत जड.

म्हणून रात्रभर जनरेटर नको. आमच्याकडे घरचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी होती. संध्याकाळी चार तास जनरेटर: त्यात टाकी भरायची, फ्रिज गार करायचा, मोबाईल लावायचे आणि बॅटरी चार्ज करायची. त्यातही एक मेख निघाली. असा इन्व्हर्टर बॅटरीत जेमतेम २०० वॉट ओततो. चार तासांत ८०० वॉट-तास, त्यातले हाती लागतात सहाशेच्या आसपास. ३० वॉटचे दोन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, पंखे आणि एक बल्ब, रात्रभर. बस्स. लेड-ॲसिड बॅटरीला घाई चालत नाही. पहिल्या दिवशी तर ती चार्जच होईना. मग इन्व्हर्टरवरचा 'यूपीएस'चा खटका 'नॉर्मल'ला केला, तेव्हा त्याने जनरेटरची ओबडधोबड वीज स्वीकारली.

चेंजओव्हर स्विच आम्ही पुढच्या वर्षी, तौक्ते चक्रीवादळाच्या आधी बसवला. त्यात एक गैरसोय निघाली. दांडा जनरेटरवर असला की खांबावर लाईट आली तरी घरात कळत नाही. वायरमनने स्विचच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला, एक छोटा लाल दिवा लावून दिला. तो लागला की सगळा लोड बंद करायचा, दांडा शून्यावर आणायचा, जनरेटर दोन-तीन मिनिटं रिकामा चालवून थंड होऊ द्यायचा आणि मग दांडा लाईनवर. पेट्रोल पुढच्या वेळेसाठी भरायचं ते इंजिन पुरतं गार झाल्यावर. काका अजूनही वादळाचा इशारा आला की आधी आकाशाकडे पाहत नाहीत, त्या लाल दिव्याकडे पाहतात.