घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या का बिघडतात: भांड्यातल्या धातूचा अडीचशे वर्षांचा इतिहास

अमेरिकेत घरी बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओतणारे लोक आजही बरेच आहेत. गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक भांडं, लोखंडाचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा साचा आणि कोपऱ्यात जमवून ठेवलेलं शिसं, एवढ्यावर काम चालतं. तक्रारी पण ठरलेल्या असतात, गोळीवर सुरकुत्या येतात, बुडाच्या कडा गोलसर राहतात, गोळी दिसायला छान पण मारली की नळीत शिसं चिकटून बसतं, नाहीतर भांड्यातला रस (वितळलेला धातू) अचानक रवाळ होतो आणि साच्यात नीट जातच नाही. यावर मिळणारे सल्ले बहुतेक हाताबद्दलचे असतात, साचा अजून तापव, ओतण्याचा वेग वाढव वगैरे. ते चूक नाहीत. पण माझं ठाम मत आहे की यातले बरेच प्रॉब्लेम हाताचे नाहीतच, भांड्यात काय पडलंय त्याचे आहेत, आणि भांड्यात काय पडणार हे त्या त्या काळात स्वस्त शिसं कुठून मिळत होतं त्यावर ठरत आलंय.

(आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्या छंदाबद्दल वाचावं.)

सुरुवात १८व्या शतकापासून करू. पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे कारागीर ज्या लांब नळीच्या रायफली बनवायचे त्या प्रत्येक रायफलीचं भोक थोडं वेगळं असायचं, आणि माप इंचात सांगण्याऐवजी एका पौंड शिशात किती गोळ्या होतात तसं सांगायचे. म्हणून रायफलीबरोबर तिचाच साचा मिळायचा, कात्रीसारखा उघडणारा छोटा लोखंडी साचा, बऱ्याचदा लाकडी मुठी पण नसायच्या, त्यामुळे हात भाजणं ठरलेलं. ओतताना वर राहणारी शेपटी चिमट्याने कापायची आणि गोळी भरताना ती बाजू वर ठेवायची. गोळी तेलकट कापडात गुंडाळून भरत असल्याने शिशाचा थेट नळीशी संबंधच यायचा नाही. म्हणजे नळीत शिसं बसण्याची तक्रार तेव्हा जवळपास नव्हतीच, आणि गोळीवर एखादी सुरकुती असली तरी कापड सांभाळून घ्यायचं. धातू मऊ शिसं, पळीत वितळवलेलं, बस.

शिसं मिळवणं हीच खरी अडचण होती. ९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून झाल्यावर लोकांनी बोलिंग ग्रीनमधला राजा तिसऱ्या जॉर्जचा पुतळा पाडला, तो शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा. त्यातलं बरंचसं शिसं कनेटिकटमधल्या लिचफील्डला ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी गेलं आणि तिथल्या बायकांनी आणि मुलांनी त्यातून ४२,०८८ गोळ्या ओतल्या, कोणी किती ओतल्या याची नोंदसुद्धा ठेवलेली आहे. ओतकाम हे घरातलं काम होतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पुढे १८०४ ला लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी पश्चिमेकडे निघाले तेव्हा त्यांनी बंदुकीची दारू ५२ शिशाच्या डब्यांत भरून नेली, एका डब्यात ४ पौंड दारू आणि डब्याचं वजन ८ पौंड, दारू संपली की डबा वितळवायचा आणि तेवढ्या दारूला पुरतील एवढ्या गोळ्या तयार. दारू कोरडी राहिली ती पण या डब्यांमुळेच. डोकं लावून केलेलं काम आहे हे.

१८४९ ला फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांनी लांबट, बुडाशी पोकळ अशी गोळी आणली आणि हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जेम्स बर्टन यांनी ती सोपी केली. ही गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, त्यामुळे पटकन भरता येते, आणि बार उडाला की गॅसच्या दाबाने पोकळ बूड फुगून आट्यांमध्ये (नळीच्या आतल्या वळणदार खोबणींत) घट्ट बसतं. पण यासाठी शिसं एकदम मऊ हवं आणि बुडाची पातळ भिंत पूर्ण भरलेली हवी. शुद्ध शिसं ३२७ अंशाला वितळतं खरं, पण त्या पातळ भिंतीत शिरायचं तर रस त्याहून बराच गरम लागतो आणि साचा पण. आजही अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातल्या रायफली हौसेने मारणाऱ्या कोणाची गोळी कुठेही जायला लागली तर पहिला संशय इथेच घ्यावा, एकतर भिंत अर्धवट भरलीय, नाहीतर कडक मिश्रण वापरलंय आणि बूड फुगतच नाहीये.

याच काळातली एनफील्ड रायफल आपल्याला शाळेपासून माहीत आहे. काडतुसाला लावलेली चरबी हे १८५७ चं तात्कालिक कारण म्हणून आपण पाठ करतो, पण ती चरबी होती कशासाठी हे कोणी सांगत नाही. काळी दारू जळाली की नळीत घट्ट काजळी बसते, ती मऊ राहावी आणि पुढची गोळी आत सरकावी म्हणून वंगण लागायचं. असंतोष पसरल्यावर सरकारने शिपायांना स्वतःचं वंगण, मेण आणि तेल, वापरायची मुभा दिली पण तोवर उशीर झाला होता. मधमाशीचं मेण आजही घरी केलेल्या गोळीच्या वंगणात असतंच, आणि भांड्यातली मळी काढताना चिमूटभर मेण टाकण्याची पद्धत पण चालूच आहे.

मग रायफली पितळी काडतुसाच्या झाल्या, कापड गेलं, आणि शिसं सरळ नळीला घासायला लागलं. १८७० च्या दशकात बायसन (अमेरिकन रानरेडे) मारणारे शिकारी मुक्कामावर स्वतःच गोळ्या ओतायचे आणि शिशात थोडं कथील घालायचे, १६ भाग शिशाला १ भाग कथील, नाहीतर २० ला १ असं. कथिलाने गोळी जराशी कडक होते पण त्याचा मोठा फायदा वेगळाच, रसाचा पृष्ठताण कमी होतो आणि रस साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जातो. सुरकुत्या आणि गोलसर कडा या तक्रारीवरचं सगळ्यात जुनं औषध हेच. कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला सुरकुत्या लगेच कळतील, रसाचे दोन थर एकमेकांत मिसळायच्या आधीच थंड झाले, तिकडे त्याला कोल्ड शट म्हणतात. साचा थंड असला किंवा त्यात तेलाचा अंश राहिला तर कथील कितीही घातलं तरी ते होणारच, पण साचा स्वच्छ आणि गरम असून होत असेल तर कथील बघा.

१८८४ ला जॉन बार्लो यांनी कनेटिकटमध्ये आयडियल नावाची कंपनी काढली आणि हा घरगुती उद्योग खऱ्या अर्थाने पसरला. त्यांची काही साधनं अशी की एकाच पकडीत काडतूस भरायची सोय आणि टोकाला गोळीचा साचा. (१९२५ मध्ये आयडियल लायमन कंपनीकडे गेली, जुने साचे आजही आयडियलच्या नंबरांनी ओळखले जातात.)

पण नेमकं १८८४ लाच फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूर न करणारी दारू शोधली, आणि माझ्या मते आजच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. काळ्या दारूवर गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास जायची, १८८६ च्या लेबेल रायफलीत ती ६०० च्या पुढे गेली, दाब पण कितीतरी वाढला. मऊ शिसं हे सहन करू शकत नाही. गरम गॅस गोळीच्या कडेने वाट काढतो, शिसं कापत जातो आणि ते नळीत चिकटतं. सैन्यांनी सोपा मार्ग घेतला, स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्येच तांब्याचं कवच घातलेली गोळी केली होती, तीच सगळीकडे गेली. घरी ओतणाऱ्याला कवच जमणार नव्हतं, म्हणून बार्लो यांनी गोळीच्या बुडाला बसणारी तांब्याची छोटी वाटी आणली, गॅस चेक म्हणतात ती. आणि बूड किती महत्त्वाचं आहे हे मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून १९०९ मध्ये छापलं, गोळीचं टोक बिघडवलं तर नेमात फारसा फरक पडत नाही पण बूड जरा जरी वाकडं असलं की गोळी भरकटते. आज ओतलेल्या गोळ्या निवडताना आधी बूड बघायचं हा नियम त्यांच्यामुळे आहे आणि तो अजून कोणाला बदलावा लागलेला नाही.

आता अँटिमनी. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण गुटेनबर्गच्या काळापासून छापखान्याचं, कारण अँटिमनीमुळे धातू कडक होतो, थंड होताना कमी आकसतो आणि अक्षराची कड धारदार येते. आपल्याकडे जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागरचे छपाईचे खिळे (टाइप) पाडले ते याच जातीच्या धातूतून. अमेरिकेत १८८६ ला मर्गेनथालर यांचं लिनोटाइप, म्हणजे छपाईची अख्खी ओळ धातूत ओतणारं मशीन आलं, त्यासाठी ठरलेलं मिश्रण असायचं, साधारण ४ टक्के कथील, १२ टक्के अँटिमनी, बाकी शिसं, आणि ते २४० अंशाच्या आसपासच वितळतं. १९७० च्या दशकात वर्तमानपत्रं धातूचे खिळे न लागणाऱ्या ऑफसेट छपाईवर गेली, न्यूयॉर्क टाइम्सने १९७८ मध्ये लिनोटाइप बंद केलं, आणि हा सगळा धातू भंगारात आला. ओतणाऱ्यांसाठी तो सुवर्णकाळ. साचा सुंदर भरायचा, गोळी कडक.

इथेच एक गैरसमज मुरला, की नळीत शिसं बसतंय म्हणजे गोळी अजून कडक करा. १९३५ ला .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा कारखान्यातल्या मऊ गोळ्या नळी घाण करायच्या, त्यामुळे कडकपणाचा हा सल्ला पटायचा पण. पण गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर कडक धातू फुगून ती फट भरतच नाही, गॅस कडेने जातो आणि उलट जास्त शिसं बसतं. आधी नळीचं आणि गोळीचं माप घ्यावं, कडकपणा नंतर. जुन्या लायमन नंबर २ मिश्रणात ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी एवढंच असतं आणि रिव्हॉल्व्हरच्या बहुतेक कामाला ते भरपूर झालं.

लिनोटाइप संपत आलं तरी गाड्यांच्या चाकांना लावायची वजनं होतीच, टायरच्या दुकानात जुनी बादलीभर फुकट मिळायची. त्यात काही टक्के अँटिमनी, कथील अगदी नावाला, आणि थोडं आर्सेनिक, ज्यामुळे साच्यातून काढलेली गरम गोळी पाण्यात टाकली की ती बरीच कडक होते. कथील कमी म्हणून कडा नीट भरायच्या नाहीत, लोक २ टक्के कथील वरून घालायचे. पृष्ठभागावर पांढुरकी झाक आली तर घाबरायचं कारण नाही, साचा जास्त तापल्याचं ते लक्षण आहे, गोळी चालते.

मग पर्यावरणाचे कायदे आले. युरोपने २००५ मध्ये शिशाची चाकवजनं बंद केली, कॅलिफोर्नियाने २०१० पासून, आणि त्यांच्या जागी लोखंडाची आणि जस्ताची आली. कायदा योग्यच आहे, रस्त्यावर पडलेलं शिसं झिजून धूळ होतं आणि ती मुलांच्या पोटात जाते. पण बादलीत आता तिन्ही एकत्र आली. लोखंड वर तरंगतं, काढून टाकता येतं. जस्त ४१९ अंशाला वितळतं, आणि भांडं त्याच्या वर गेलं की ते शिशात मिसळतं, मग रस रवाळ, वर न संपणारी साय, गोळीच्या कडा गायब. साचा तापवा, कथील घाला, काही उपयोग नाही. म्हणून भंगार वितळवताना तापमान ३७० च्या आत ठेवायचं, म्हणजे जस्त न वितळता वर येतं आणि झाऱ्याने काढता येतं. थर्मामीटरशिवाय हे काम करू नये असं मी अगदी कळकळीने सांगीन.

बॅटरीच्या प्लेट वितळवण्याचा जुना सल्ला पण आता सोडून द्यावा. पूर्वी त्यात अँटिमनी असायची, आता कॅल्शियम असतं, आणि त्याची मळी इतर भंगारातल्या अँटिमनी-आर्सेनिकबरोबर ओलाव्यात आली तर विषारी वायू तयार होतात.

२०१३ च्या शेवटी मिसूरीतल्या हर्क्युलेनियमचा अमेरिकेतला शेवटचा खनिजापासून शिसं काढणारा कारखाना बंद झाला. २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कॉन्डॉर गिधाडं शिशाने मरत होती म्हणून. आता ओतणारे एकतर टक्केवारी लिहिलेलं मिश्रण विकत घेतात, नाहीतर चांदमारीच्या बांधातून जुन्या गोळ्या गोळा करतात, ज्यात कवचाच्या आतलं मऊ शिसं आणि कोणाच्यातरी कडक गोळ्या सगळं एकत्र असतं. अशा शिशाच्या विटा पाडून प्रत्येकीवर खूण करायची, चित्रकलेच्या ६बी ते एच पेन्सिली ओरखडून कडकपणा बघायचा, आणि जस्ताचा संशय असलेल्या विटा वेगळ्या ठेवायच्या, त्यांची मासेमारीच्या गळाची वजनं चांगली होतात.