दूषित जागेवरील पावसाळी गाळाचे नियंत्रण : सोलापूर परिसर

रसायने, जड धातू, रंग किंवा तेल मुरल्यामुळे दूषित झालेली जमीन साफ करायची तर ती खणावी लागते. खणलेल्या मातीवर पाऊस पडला की ती पाण्याबरोबर जवळच्या नाल्याला लागते. माती जागेवरून हलू न देणे आणि हललीच तर पाणी सोडण्यापूर्वी तिचा गाळ वेगळा काढणे, असे या कामाचे दोन भाग आहेत. शिसे आणि अनेक तेलकट प्रदूषके मातीच्या बारीक कणांना चिकटून प्रवास करतात. म्हणून गाळ अडला की त्यांचा मोठा वाटा अडतो. षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचे विषारी रूप) मात्र पाण्यात विरघळून पुढे जाते. ते असेल तर गाळाची टाकी पुरत नाही, वेगळी रासायनिक प्रक्रिया लागते.

सोलापूरची काळी माती या कामाला अवघड आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरणे जवळजवळ थांबते आणि मग पडेल तो पाऊस वाहू लागतो. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण संथ पाण्यात मीटरभर खाली जायला दोन-अडीच मिनिटे घेतो. दोन मायक्रोमीटरच्या चिकणकणाला तीन दिवस लागतात. त्याहून बारीक कण तर आपणहून बसतच नाहीत.

कापड रंगवण्याच्या जुन्या जागांवर यात आणखी भर पडते. सुती कापडाच्या रंगकामात मीठ भरपूर वापरले जाते. त्यातला सोडियम मातीत साठून ती चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, होते. मीठ आहे तोवर कण एकमेकांना धरून असतात, पण पावसाने ते धुतले गेले की कण सुटे होतात आणि पाणी दिवसेंदिवस गढूळच राहते. सोलापूरला यंत्रमाग आणि रंगकामाची परंपरा असल्याने इथे माती तपासताना धातूंबरोबर सोडियमही मोजायला हवा.

माती-पाणी अडवण्याचे शास्त्र सोलापूरला नवे नाही. इथले कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासूनचे आहे; शेतातून किती पाणी वाहते, किती माती जाते याची मोजणी आणि बांधबंदिस्तीचे प्रयोग तिथे झाले. पण तो अनुभव दूषित जागेवर जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरते. शेतात पाणी अडवून जिरवायचे असते. इथे ते जिरले तर विष विहिरी-बोअरपर्यंत पोहोचेल. म्हणून बांध घालायचा तो वरच्या अंगाला, बाहेरचे स्वच्छ पाणी जागेत शिरू न देता बाजूने काढून देण्यासाठी. आतल्या चरांना आणि गाळ बसवण्याच्या तळ्याला प्लास्टिकचे अस्तर हवे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कमी जागा उघडी ठेवणे. एका वेळी एकच तुकडा खणावा, ढिगारे संध्याकाळी ताडपत्रीने झाकावेत, डंपर रस्त्यावर येण्याआधी त्याची चाके धुवावीत. खालच्या कडेला जिओटेक्सटाइल कापडाचे (पाणी झिरपू देणाऱ्या कृत्रिम कापडाचे) कुंपण लावतात. त्याची कड सहा इंच जमिनीत गाडली नाही तर पाणी खालून निघून जाते. नीट गाडले तरी ते वाळू आणि जाड गाळच अडवते. काळ्या मातीच्या चिकणकणांसाठी त्यावर विसंबून राहू नये.

ते कण तळ्यातच बसवावे लागतात. अमेरिकेतील बांधकाम परवान्यात तळ्याच्या आकारासाठी एकरी ३,६०० घनफुटांचे, म्हणजे सुमारे १०२ घनमीटरचे माप वापरले जाते. एकरभर जागेवर साचलेले इंचभर पाणी एवढेच भरते. सोलापुरात सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना आहे आणि परतीचा पाऊस एका दिवसात याहून बराच जास्त कोसळू शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने जिल्ह्यात पूर आला. त्यामुळे मोठी खोदाई जानेवारी ते मे या काळात उरकणे आणि तळे स्थानिक पर्जन्यनोंदीवरून आखणे शहाणपणाचे. तळ्यात तुरटी किंवा पॉलिमर घालून कणांचे गठ्ठे बांधतात. मात्रा आधी बरण्यांत चाचणी घेऊन ठरवावी, कारण जादा तुरटीने पाणी आम्लधर्मी होते. वरचे निवळ पाणी वाळूच्या गाळणीतून नेतात.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तरंगते घनपदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅम, शिसे ०.१ आणि षट्संयुजी क्रोमियम ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालते, सामू (pH, आम्लतेचे माप) ५.५ ते ९ हवा. शहर परिसरातील ओढे-नाल्यांचे पाणी सीनेकडे जाते आणि सीना हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते, त्यामुळे सोडलेल्या पाण्याचा नमुना पाऊस चालू असताना, बाहेर पडण्याच्या तोंडाशीच घ्यावा. तळ्यातून उपसलेला गाळ शेतात किंवा भरावात टाकता येत नाही. तो तपासावा लागतो आणि घातक ठरल्यास २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा लागतो.