सीलबंद व्हिस्की घरात ठेवायची कुठे?

भावाने दुबईहून आणलेली, व्याह्यांनी भेट दिलेली किंवा निवृत्तीच्या दिवशी मित्रांनी हातात ठेवलेली एखादी चांगली व्हिस्की कितीतरी घरांत वर्षानुवर्षं न उघडता पडून असते. 'जुनी होऊ दे, आणखी चांगली होईल' असं म्हणत ती हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये, दिव्याखाली मांडली जाते. समजही चुकीचा आणि जागाही चुकीची.

व्हिस्की मुरते ती लाकडाच्या पिंपात. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर तिला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावीच लागतात. या काळात लाकडातून रंग, टॅनिन आणि व्हॅनिलासारखा वास देणारी द्रव्यं तिच्यात उतरतात, छिद्रांतून शिरणाऱ्या हवेमुळे नवे सुगंध तयार होतात आणि थोडा माल उडूनही जातो. स्कॉटलंडच्या थंडीत ही घट वर्षाला साधारण २ टक्के असते, तर गोव्याच्या किंवा बंगळुरूच्या उष्ण हवेत त्याच्या कैक पट. आपल्याकडची सिंगल माल्ट कमी वर्षांत तयार होते ती त्यामुळेच. काचेकडून मात्र व्हिस्कीला काहीच मिळत नाही. १२ वर्षांची व्हिस्की कपाटात आणखी २० वर्षं राहिली तरी ती १२ वर्षांचीच. आपल्या हातात एवढंच उरतं, की आहे ते जाऊ द्यायचं नाही.

ती नासत नाही, हे खरं. भारतीय बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेलं असतं आणि इतक्या अल्कोहोलमध्ये जंतू वाढू शकत नाहीत. (दुधाची साय घातलेल्या क्रीम लिकरचं तसं नाही. त्या बाटलीवर मुदत असते आणि ती पाळायलाच हवी.) ध्रुवीय संशोधक अर्नेस्ट शॅकल्टनने १९०७च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला नेलेल्या व्हिस्कीचे खोके त्याच्या केप रॉइड्सच्या झोपडीखाली बर्फात गाडलेले सापडले आणि २०१० साली ते बाहेर काढण्यात आले. त्यातल्या बाटल्या पुढे तपासणीसाठी स्कॉटलंडला नेल्या. शंभर वर्षांनंतरही त्या व्हिस्कीत ४७.३ टक्के अल्कोहोल शिल्लक होतं, आणि वास-चव इतकी शाबूत होती की त्यावरून तशीच व्हिस्की नव्याने बनवता आली. तिथे अंधार होता आणि कडाक्याची थंडी होती. आपल्या घरात यातलं एकही आपोआप मिळत नाही.

आपल्याकडे खरा त्रास उन्हाचा, त्यातही तापमानाच्या चढउताराचा. पाण्यापेक्षा अल्कोहोल उष्णतेने कितीतरी जास्त प्रसरण पावतं. ७५० मिलिलिटरची बाटली २० अंशांवरून ४० अंशांवर गेली, तर आतली व्हिस्की सुमारे १० मिलिलिटरने फुगते. बुचाखाली समजा २५ मिलिलिटर हवा होती, तर तिला आता १५ मिलिलिटरमध्ये मावावं लागतं. तापून तिचा दाब वाढतो तो वेगळाच, शिवाय गरम व्हिस्कीतून अल्कोहोलची वाफही जास्त निघते. सगळं धरून आतला दाब दीडपटीच्या वर जातो. बूच अगदी घट्ट नसेल, तर हवा आणि वाफ कडेने थोडीथोडी बाहेर पडते. रात्री गारवा आला की व्हिस्की आकसते आणि बाहेरची हवा, म्हणजे ताजा ऑक्सिजन, आत ओढला जातो. एका दिवसात काही कळत नाही. पण स्लॅबखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिने असे दर वर्षी गेले, की बाटलीतली पातळी मानेवरून खांद्याशी उतरते आणि उरलेल्या व्हिस्कीचा वास बोथट होतो. म्हणून माळा नको, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको आणि स्वयंपाकघर तर नकोच. ४० टक्क्यांच्या मद्याची वाफ सुमारे २६ अंशांपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते. बाटली फुटली आणि शेजारी गॅस चालू असला तर काय होईल, याचा विचार करून जागा ठरवावी.

शोकेसवर माझा राग आहे तो उजेडामुळे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण रंग आणि सुगंध देणारे रेणू मोडतात. खिडकीशी ठेवलेली बाटली काही महिन्यांत फिकट दिसू लागते, आणि चवही बदलते. बाटलीसोबत आलेली पुठ्ठ्याची नळी किंवा खोका फेकू नये. तिच्यासाठी याहून चांगलं घर नाही.

वाइनची बाटली आडवी ठेवतात, व्हिस्कीची कधीच नाही. वाइनमध्ये अल्कोहोल १२ ते १४ टक्के असतं, त्यात बूच ओलं राहिलं तर फुगून घट्ट बसतं. व्हिस्कीतलं तिपटीने तीव्र अल्कोहोल त्याच बुचाला हळूहळू झिजवतं, त्याचा वास स्वतःत ओढून घेतं आणि शेवटी बूच भुसभुशीत होतं. धातूच्या फिरकीच्या झाकणाची बाटलीही उभीच बरी, गळायचं भय राहत नाही.

फ्रिजची गरज नाही. घरच्या फ्रीझरमध्ये ती गोठत नाही, काही व्हिस्की मात्र गारठली की गढूळ दिसते. तो दोष नव्हे, ऊब मिळाली की ती बहुधा पुन्हा नितळ होते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात काळजी असते ती लेबलची, त्याला बुरशी धरते आणि कसर लागते. कपाट अधूनमधून उघडून वारा लागू द्यावा, बाटली भिंतीला चिकटून ठेवू नये.

थोडक्यात, बेडरूममधल्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा, बाटली उभी आणि खोक्यात. काचेवर आजच्या पातळीशी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून तारीख लिहावी. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, सकाळच्या गारव्यात पाहिलं की घट होतेय का ते कळतं. होत असेल तर प्रयोगशाळेत वापरतात ती ताणली जाणारी पॅराफिल्म बुचाभोवती गुंडाळावी, किंवा सरळ ती बाटली आधी उघडावी. महाराष्ट्रात मद्य बाळगायला परवाना लागतो आणि एका वेळी किती ठेवावं यालाही मर्यादा आहे, तेव्हा भारंभार साठवण्याचा प्रश्नच नाही.

बरीच वर्षं ठेवलेली बाटली उघडताना बूच सरळ उपसू नये. एका हाताने बूच घट्ट धरावं आणि दुसऱ्या हाताने बाटली हळूहळू फिरवावी. तरीही तुटलंच, तर व्हिस्की कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत भरावी. तुकडे पडले म्हणून ती ओतून देण्याचं काही कारण नाही.