साल्मोनेला आणि सॅल्मन मासा: काडीचाही संबंध नाही

साल्मोनेला या अन्नविषबाधा करणाऱ्या जिवाणूचं नाव सॅल्मन माशावरून आलं, असं सर्रास सांगितलं जातं. चूक. डॅनियल एल्मर सॅल्मन हे अमेरिकी पशुवैद्यक. १८८५ मध्ये त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी आजारी डुकरांमधून हा जिवाणू वेगळा केला. काम स्मिथचं, मान साहेबांना! शिवाय ज्या रोगाचा गुन्हेगार म्हणून तो पकडला, तो डुकरांचा रोग विषाणूमुळे होतो, हे पुढे सिद्ध झालं. १९०० मध्ये फ्रेंच जिवाणूशास्त्रज्ञ लिन्येर यांनी या प्रजातीला, म्हणजे जातींच्या गटाला, सॅल्मन यांचं नाव दिलं, ते टिकलं.

विषमज्वराचा (टायफॉइडचा) जिवाणू टायफी ही स्वतंत्र जाती, हाही गैरसमजच. साल्मोनेलाच्या मान्य जाती दोनच, एंटेरिका आणि बोंगोरी. टायफी हा एंटेरिकाचा एक सीरमप्रकार, म्हणजे पृष्ठभागावरच्या रेणूंवरून ओळखला जाणारा उपप्रकार. असे प्रकार अडीच हजारांहून जास्त आहेत.