तिसऱ्या खेपेला सुरू होणारा कॉम्प्युटर

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की दोन-चार दिवसांत मामांचा फोन येतो. द्राक्षबागेचा सगळा हिशेब ज्या कॉम्प्युटरवर आहे तो सकाळी सुरू होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. बंद करून पुन्हा बटण दाबायचं, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला चालू होतो आणि मग रात्रीपर्यंत एकदाही कुरकुरत नाही.

दुकानात नेला. तिथे रॅम काढून खोडरबराने घासली, परत बसवली, चालू! दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा अंधार. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो हे खरं आहे, कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच. पण तो थर रोज रात्री चढून दुपारी उतरत नाही. कॉम्प्युटर दुकानात पोचला तेव्हा अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं. गुण उन्हाचा होता, श्रेय खोडरबराला मिळालं.

थंडीत येणारा आणि उबेने जाणारा बिघाड दिसला की मी पहिला संशय एसएमपीएसमधल्या, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यातल्या, कपॅसिटरवर घेतो. ही वस्तू मला फार आवडते. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये द्रवात भिजवलेला कागद, आणि हे सगळं गुंडाळून बोटाच्या पेराएवढ्या डबीत बंद केलेलं. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच विद्युतरोधक. द्रवातले आयन विजेची ने-आण करतात. एसएमपीएसमधून येणारी वीज मुळात हेलकावे खात येते. हे हेलकावे पोटात घेऊन सपाट करणं हे कपॅसिटरचं काम.

वर्षानुवर्षं गरम राहून रबरी बुचाच्या फटीतून तो द्रव आटत जातो. मग कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. हा रोध 0.02 ओहम असेल आणि प्रवाह 3 अँपिअरने वरखाली होत असेल, तर व्होल्टेज 0.06 व्होल्टने हलतं. 12 व्होल्टच्या तारेवर 0.12 पर्यंत चालतं, त्यामुळे काही बिघडत नाही. रोध 0.2 ओहम झाला की तेच हलणं 0.6 व्होल्ट, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. त्यात थंडीने उरलासुरला द्रव दाट होतो, आयन मंदावतात, रोध आणखी चढतो. वीज स्थिर झाली की एसएमपीएस मदरबोर्डला 'पॉवर गुड' हा इशारा देतो, आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरलेलं असतं. पंख्याला असल्या हेलकाव्यांचं काही वाटत नाही, म्हणून तो फिरत राहतो.

आता खरी गंमत. वाढलेल्या रोधातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते, प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात कपॅसिटर स्वतःच स्वतःला शेकतो. द्रव पातळ होतो, रोध उतरतो आणि तिसऱ्या खेपेला इशारा मिळतो.

मामींनी कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधली होती. यंत्राला दृष्ट लागत नाही, त्यातलं रसायन आटतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांनी ती स्वतः सोडली. दुकानदाराचा सल्ला होता की आख्खा कॉम्प्युटरच नवा घ्या. तो अंधश्रद्धेइतकाच बिनबुडाचा, आणि महागही.

साधी परीक्षा अशी: पहाटे, पहिल्यांदा बटण दाबण्याआधी, एसएमपीएसच्या जाळीवर पाच मिनिटं हेअर ड्रायर धरा. पहिल्याच खेपेला डिस्प्ले आला तर दोष बहुधा तिथेच. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात.

मामांना नवा एसएमपीएस बसवून दिला. जुना महिनाभर पडू दिला, मग साठलेली वीज उतरल्याची मीटरने खात्री करून उघडला. एका कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलेलं, बुडाशी तपकिरी डाग. अंगावर वीज साठवायची क्षमता छापली होती, 1000 मायक्रोफॅरड. मीटरवर भरले 310.