बॅकस्लॅश जी आला कुठून?

मायएसक्यूएल या डेटाबेसचा क्लायंट, म्हणजे ज्यात आपण कमांड टाइप करतो तो प्रोग्राम, उघडला की पहिल्याच ओळीत तो स्वतःला 'मॉनिटर' म्हणवतो आणि बजावतो की कमांड सेमीकोलनने (;) किंवा बॅकस्लॅश जीने (\g) संपते. सेमीकोलन सगळेच देतात. बॅकस्लॅश जी देणारा माणूस मात्र मी क्वचितच पाहिलाय. मग तो दाराशीच का उभा?

त्यासाठी बर्कलीला जावं लागतं. एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या कल्पनेवरचा, लेख १९७० चा. तो वाचून तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी १९७३ च्या सुमारास इन्ग्रेस हा डेटाबेस उभारायला घेतला. त्याला प्रश्न विचारायची भाषा आजची एसक्यूएल नव्हती, क्वेल होती, आणि वापरणाऱ्याशी बोलणाऱ्या प्रोग्रामचं नाव होतं टर्मिनल मॉनिटर. तुम्ही ओळीमागून ओळी लिहायच्या. त्या एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठत राहायच्या. बॅकस्लॅश जी, म्हणजे 'गो', म्हटल्याशिवाय डेटाबेसला काहीच कळत नसे. बॅकस्लॅश पी दिला की लिहिलेलं पुन्हा दिसे, आर दिला की बफर रिकामा, ई दिला की एडिटर, क्यू दिला की बाहेर.

बॅकस्लॅश लागतो, कारण इथे ऐकणारे दोघं असतात: समोरचा क्लायंट आणि त्याच्या मागचा सर्व्हर, म्हणजे खुद्द डेटाबेस. कुठली ओळ कुणासाठी, हे सांगायला काहीतरी खूण हवीच. पुढे प्रत्येक डेटाबेसने आपापली खूण निवडली. एसक्यूलाइटने (२०००) ओळीच्या सुरुवातीचा टिंब घेतला. ऑरॅकलच्या एसक्यूएल प्लसने, जो यूएफआय नावाच्या जुन्या साधनातून आला, साधे शब्द ठेवले: सेट, स्पूल, डिस्क्राइब. बफर चालवायचा तर ओळीवर एकटा स्लॅश. सायबेसमध्ये ओळीवर एकटा 'गो'. सायबेसच्या संस्थापकांपैकी बॉब एपस्टाइन आधी बर्कलीत इन्ग्रेसवरच काम करत होते, त्यामुळे हा 'गो' मला तरी योगायोग वाटत नाही. सायबेसमार्फत तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरकडे गेला, आणि आजही नवशिक्या माणूस स्क्रिप्टमधला 'गो' उचलून प्रोग्राममधल्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) चिकटवतो आणि सर्व्हरच्या शिव्या खातो. सर्व्हरला तो शब्द ठाऊकच नसतो, तो क्लायंटचा.

बर्कलीची मुख्य शाखा इन्ग्रेसनंतरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमधून वाढली. तिथेही आधी मॉनिटरच होता. पोस्टग्रेस ९५ मध्ये एसक्यूएल आली आणि सोबत पीएसक्यूएल हा नवा क्लायंट. त्यात रीडलाइन होती, म्हणजे वरचा बाण दाबला की आधीची ओळ परत. जुना मॉनिटर मागे पडायला तेवढं पुरेसं होतं. पोस्टग्रेसमध्ये एसक्यूएल येण्याआधी त्याच्याच आधाराने डेव्हिड ह्यूज यांनी मिनी एसक्यूएल सुरू केलं, तेही आधी एसक्यूएलचं पोस्टग्रेसच्या भाषेत भाषांतर करण्यापुरतं. पुढे तो स्वतंत्र डेटाबेस झाला, आणि त्याच्याशी बराचसा जुळणारा इंटरफेस ठेवून मायएसक्यूएल उभा राहिला. 'मॉनिटर' हा शब्द आणि बॅकस्लॅश जी ही जोडी याच वाटेने आली. मायएसक्यूएलने त्यात कॅपिटल जीची भर घातली. रुंद टेबलची एकेक रांग तो उभी मांडून दाखवतो, आणि हा मात्र खरोखर रोज लागतो.

बफरची जुनी सवय अजून छळते ती प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला क्लायंट दाखवतो त्या खुणेत. सिलेक्टने सुरू होणारी क्वेरी लिहिली, सेमीकोलन विसरला, एंटर दाबलं: मायएसक्यूएल नुसता -> दाखवून गप्प बसतो. अवतरणचिन्ह उघडं राहिलं तर '> दिसतं. मग माणूस घाबरून सेमीकोलनवर सेमीकोलन मारतो, आणि ते सगळे त्या अवतरणातच जमा होतात. आधी अवतरण बंद करायचं, मग बॅकस्लॅश सी देऊन क्वेरी टाकून द्यायची. (वेअर न लावता, म्हणजे कुठल्या रांगा बदलायच्या ते न सांगता, अपडेट चालवणाऱ्यांसाठीही याच क्लायंटमध्ये एक पर्याय आहे. त्याच्या एका नावाचा सरळ अर्थ 'मी ढ आहे' असा होतो. मी तो चालू ठेवतो.)

पीएसक्यूएलमधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न लोकांनी इतकी वर्षं विचारला की २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत अखेर नुसतं 'क्विट' किंवा 'एक्झिट' लिहिलेलंही चालू लागलं. तेसुद्धा बफर रिकामा असेल तरच. अर्धी क्वेरी पडून असेल तर तो बाहेर सोडत नाही, बॅकस्लॅश क्यू वापरा म्हणून सुचवतो.